आईच्या खात्यातून कापले जाणारे ओटीटीचे पैसे: ‘कॅन्सल’चं बटण शोधत बसू नका, बँकेतलं मँडेट बंद करा

नेरूळला राहणाऱ्या तुमच्या आईच्या पेन्शन खात्यातून दर महिन्याला ओटीटीचे पैसे जातायत, ॲप काढून टाकलं तरी थांबत नाहीत, खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय ते घरात कुणालाच माहीत नाही आणि चॅटवर ‘रजिस्टर्ड ईमेलवरूनच संपर्क करा’ एवढंच उत्तर मिळतंय. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आमच्याकडे कळव्याला बाबांच्या बाबतीत हेच घडलं होतं. ब्रॉडबँड जोडायला आलेल्या मुलाने टीव्हीवर ‘एक महिना फ्री’ चालू करून दिलं. त्यासाठी बाबांचं डेबिट कार्ड घातलं, ओटीपी विचारून घेतला आणि खातं मात्र कुठल्या तरी तिसऱ्याच नंबरावर उघडलं.

प्ले स्टोअर किंवा आयफोनमधून घेतलेलं सदस्यत्व तिथल्याच सबस्क्रिप्शनच्या यादीतून रद्द होतं, हे तुम्ही तपासलं असेलच. त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते बँकेबद्दल आणि तिथल्या ‘मँडेट’बद्दल (म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायला दिलेली कायमची परवानगी), कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ तिथे गेला.

बाबांचं खातं ठाण्यातल्या एका बँकेच्या शाखेत आहे, नाव लिहीत नाही. काउंटरवर पहिलं उत्तर मिळालं, ‘मॅडम, हे मर्चंटचं आहे, आमचा काही संबंध नाही.’ कंपनी म्हणते लॉगिन करा, बँक म्हणते कंपनीला विचारा. पुढच्या वेळी दुसऱ्या टेबलावर चेकचं स्टॉप पेमेंट करायचा फॉर्म हातात दिला, ज्याचा कार्डावरून जाणाऱ्या पैशांशी काडीचा संबंध नाही. मग सांगितलं, खातेदाराला स्वतः घेऊन या. गुडघ्यांनी बेजार झालेल्या बाबांना रिक्षात घालून नेलं, तर साहेब म्हणाले की कार्ड ब्लॉक करा आणि नवीन मागवा. म्हणजे नव्या कार्डाचे पैसे आम्ही भरायचे आणि ते येईपर्यंत बाबांनी कार्डाविना राहायचं. एवढ्या सगळ्यात पुढचा हप्ता कापला गेला, मग त्याच्याही पुढचा. त्या शाखेतल्या एकालाही स्वतःच्या बँकेची सोय माहीत नव्हती, याचा मला आजही संताप येतो. म्हाताऱ्या माणसांचं खातं सांभाळणाऱ्या शाखेला हे ठाऊक असायलाच हवं.

सोय कुठली ते सांगते. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांबद्दल रिझर्व्ह बँकेचं २१ ऑगस्ट २०१९ चं परिपत्रक आहे आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने तुम्हाला मेसेज किंवा ईमेल पाठवायचा असतो. त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख आणि मँडेटचा संदर्भ क्रमांक असतो, शिवाय तो व्यवहार किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोय असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेने मँडेट कधीही मागे घेता येईल अशी ऑनलाइन सोय द्यायलाच हवी. एकदा मागे घेतलं की, ज्याची सूचना आधीच येऊन गेलीय तो हप्ता सोडला तर, त्या मँडेटवर पुढचे हप्ते कापता येत नाहीत. याला कंपनीची परवानगी लागत नाही आणि या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्कही घेता येत नाही.

बाबांच्या नेटबँकिंगमध्ये कार्डांच्या विभागात ‘ई-मँडेट’ अशी यादी होती. त्या कंपनीचं नाव दिसलं, बाबांच्या मोबाईलवर ओटीपी आला, मँडेट बंद. काही बँकांत याला ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ म्हणतात, तर काही बँका हे काम ‘एसआय हब’सारख्या बाहेरच्या पोर्टलवर ठेवतात. तिथे जाताना बँकेच्या अधिकृत साइटवरूनच जा. मेसेजमधल्या लिंकवर आईला डोळे झाकून बोट ठेवू देऊ नका, तसेच दिसणारे खोटे मेसेजही फिरतात. पैसे कार्डाऐवजी यूपीआयवरून जात असतील, तर ज्या ॲपमधून परवानगी दिली त्याच ॲपच्या ‘ऑटोपे’मध्ये आधी बघा. यूपीआय पिन टाकून तिथेच रद्द करता येतं.

पण मँडेट बंद करणं म्हणजे सदस्यत्व रद्द करणं नव्हे, हे लक्षात ठेवा. वर्षाचा प्लॅन हप्त्यांत घेतलेला असेल तर कंपनी उरलेले पैसे मागू शकते. म्हणून त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. नाव आणि पत्ता त्यांच्या साइटवर तळाशी सापडतो, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. चॅटवर वेळ घालवू नका. कार्डाचे शेवटचे चार आकडे, पैसे गेल्याच्या तारखा, मँडेटचा संदर्भ क्रमांक लिहा आणि ‘आजपासून हे सदस्यत्व रद्द समजावे, यापुढे कोणतीही रक्कम वसूल करू नये’ असं साफ लिहा. लॉगिन नाही म्हणून रद्द करता येत नाही, हेही त्यातच नोंदवा. पूर्ण कार्ड नंबर मात्र कुणालाही पाठवू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘१४ दिवसांत पैसे परत मिळतात ना?’ नाही. तो युरोपातला नियम आहे, आणि तिथेही ऑनलाइन पाहण्याच्या सेवांना त्यात अपवाद आहेत. आपल्याकडे विमा पॉलिसीला फ्री-लुकची (पटली नाही तर परत करायची) मुदत असते, तशी सरसकट मुदत ओटीटीला नाही. आपल्या हातात आहेत ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ‘डार्क पॅटर्न’विरोधी (म्हणजे ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या ॲप-साइटच्या मांडणीविरोधी) मार्गदर्शक तत्त्वं, ३० नोव्हेंबर २०२३ ची. त्यांतल्या १३ प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ स्पष्ट लिहिलाय. त्यात रद्द करायचा पर्याय लपवणं, ती प्रक्रिया किचकट आणि लांबलचक करणं येतं, आणि फुकट सदस्यत्वासाठी कार्डाचे तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणंही येतं. तुमच्या आईच्या बाबतीत यातलं बरंच लागू पडतं असं मला वाटतं. ईमेलमध्ये हा उल्लेख जरूर करा.

मी वकील नाही, त्यामुळे परताव्याबद्दलचं माझं मत अनुभवापुरतंच धरा. आधीच्या सगळ्या महिन्यांचे पैसे मागितलेत तर वाद वाढतो, कारण सेवा चालू होती असं ते म्हणणार. रद्द करायला पहिल्यांदा लेखी सांगितलं त्या तारखेनंतरचे पैसे मात्र ठामपणे मागा. आम्हाला तेवढेच परत मिळाले, आणि तेही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर. तिथे मराठीत बोलता येतं. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवा.

बँकेने मँडेट बंद करायला नकार दिला तर शाखेत हुज्जत घालू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या तक्रारींच्या ‘सीएमएस’ पोर्टलवरून तक्रार करता येते, फी नाही. आम्ही हे फार उशिरा केलं, कारण शाखेतल्या एकानेही हा रस्ता सांगितला नाही. आणि कुणी १९३० वर सायबर फसवणुकीची तक्रार करा म्हणालं तर थांबा. तुमच्या आईने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँक तो व्यवहार अनधिकृत मानणार नाही आणि तुमचं खरं म्हणणं बाजूला पडेल.

ग्राहक आयोगाचा पर्याय आहेच. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दावा दाखल होतो आणि सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पण काही शे रुपयांसाठी मी लगेच तिकडे जा म्हणणार नाही, आधी १९१५ चं काय होतं ते बघा. गेलातच तर ग्राहक जिथे राहतो तिथे दावा करता येतो. खातं आईचं आहे, म्हणून तक्रारदार आई आणि नेरूळ ठाणे जिल्ह्यात. तुम्ही खारघरला राहता, ते रायगडमध्ये येतं, म्हणून अर्जात पत्ता तुमचा टाकू नका.

आज रात्रीच आईच्या फोनमधले बँकेचे जुने मेसेज चाळा. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशीचा एखादा मेसेज सापडला की संदर्भ क्रमांक त्यातच मिळेल. आईच्या कार्डावर दुसरी मँडेट्स असतील तर तीही त्याच यादीत दिसतील. आमच्याकडे बाबांना माहीत नसलेलं आणखी एक निघालं होतं.