शहराच्या सुरक्षेचा समन्वय कसा होतो? पोलीस, अग्निशमन, महापालिका यांत शेवटचा शब्द कुणाचा?

‘शेवटचा शब्द कुणाचा’ हे विचारलंत म्हणून लिहायला बसलो. मी बेळगावचा, वडगावात राहतो. हाच प्रश्न मी एका रात्री आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडून विचारला होता. तिथं पाच-पन्नास माणसं होती, उत्तर कुणाकडे नव्हतं.

आधी तुमच्या कामाचं सांगून टाकतो. आमच्याकडे पोलीस महापालिकेच्या हाताखाली नाहीत. पोलीस आयुक्त राज्याच्या गृहखात्याचे, जमावबंदीचा हुकूम तेच काढतात. बंबही महापालिकेचा नाही, कर्नाटकात १९६४ च्या कायद्याखाली अग्निशमन हे राज्याचं दल आहे. वीज हेस्कॉमची, म्हणजे राज्याच्या वीज कंपनीची. कॅम्पात शिरलं की कॅन्टोन्मेंट बोर्ड, महामार्गावर चढलं की केंद्राचं प्राधिकरण. मोठी आपत्ती आली तर २००५ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, म्हणजे आमच्या भाषेत डीसी. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या शहरांना वेगळं नागरी प्राधिकरण नेमायची सोय झाली आहे, त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त. आमच्या ५८ वॉर्डांच्या नगरसेवकांकडे आणि महापौरांकडे गटार, रस्ता, पथदिवे, कचरा. तेव्हा कागदावर शेवटचा शब्द प्रसंगाप्रमाणे बदलतो: दंगा असेल तर पोलीस आयुक्त, पूर असेल तर डीसी, आग लागलेल्या जागी अग्निशमनचा अधिकारी. परीक्षेसाठी विचारलं असेल तर इथंच थांबा.

पण समन्वय ‘कसा होतो’ विचाराल तर माझं मत सरळ आहे. तारीख ठरलेली असली की होतो. तारीख नसली की होत नाही.

बेळगाव या बाबतीत कच्चं शहर नाही, हे मी अभिमानानं सांगतो. टिळकांनी १९०५ साली इथं सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात करून दिली, तेव्हापासून इथली विसर्जन मिरवणूक चालू आहे. संध्याकाळी निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी कपिलेश्वर तलावावर संपलेली नसते. मी आमच्या मंडळाचा अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. विसर्जनाच्या आधी मार्गाची पाहणी होते, तिला मी दर वर्षी जायचो. पोलीस, महापालिकेचे इंजिनिअर, हेस्कॉमचे लोक, अग्निशमनवाले आणि आम्ही कार्यकर्ते, सगळे पायी. ही तार खाली आली आहे, ही फांदी मूर्तीला लागेल, इथला खड्डा बुजवा, इथून रुग्णवाहिका बाहेर काढायची. बोट दाखवलं की ज्याचं काम तो तिथंच वहीत लिहून घ्यायचा. त्या दिवशी आमच्या गल्लीत एक सायकल उभी नसते. आमच्या मंगाई देवीच्या यात्रेलाही तसंच. १ नोव्हेंबरला इथं एकीकडे राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, प्रचंड मिरवणूक असते आणि त्याच दिवशी आम्ही मराठी माणसं बेळगाव महाराष्ट्रात घेतलं नाही याच्या निषेधात काळा दिन पाळतो. दोन्हीकडची गर्दी एका शहरात, एका दिवशी, आणि तरी संध्याकाळी माणसं आपापल्या घरी जाऊन जेवतात. हिवाळ्यात इथल्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस येतात, रोज कुठलं ना कुठलं आंदोलन असतं, तेही पार पडतं. हे आपोआप होत नाही. आधी महिना-महिना बैठका होतात.

आता ती रात्र. काही वर्षं झाली. फेब्रुवारी होता, ना सण ना यात्रा. आमच्या समोर एक विणकर काका राहतात, घराच्या मागच्या बाजूला चार यंत्रमाग. रात्री दीडच्या सुमाराला माग असलेल्या खोलीतून धूर यायला लागला. वर माळ्यावर सुताच्या पिशव्या रचलेल्या होत्या, त्यांनी धरल्यावर काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. काका आतून बीम, म्हणजे मागाचा सूत गुंडाळलेला रूळ, ओढायला गेले आणि दोन्ही हात भाजून बाहेर आले. बीम बाहेर आला नाही.

बंब वेळेत आला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोक पहिली शिवी बंबालाच देतात. तो गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. आत शिरायला जागा नव्हती. एका बाजूला ओळीनं गाड्या, आणि बरोबर वळणावर दोन लोखंडी खांब. ते खांब आमचे होते. गणपतीच्या कमानीसाठी मंडळानं काँक्रीट ओतून पक्के रोवले होते, दर वर्षी खणायला नको म्हणून. ठराव माझ्या सहीचा होता.

मी फोन लावत सुटलो. गाड्या कोण उचलणार, खांब कापायचा हुकूम कोण देणार? एका कार्यालयातून उत्तर आलं की हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयातला माणूस म्हणाला, सकाळी लेखी अर्ज द्या. नावं घेत नाही, त्या माणसांवर माझा राग आता उरलेला नाही. त्यांच्या पुढ्यात असला प्रसंग आधी कुणी मांडलाच नव्हता.

अग्निशमनचा एक जवान पाइप खांद्यावर टाकून पळत आत आला. विजापूरकडचा असावा, कन्नडमधून विचारत होता, “ओळग यार अदारेनरी?” आत कुणी आहे का? काकांची आई पायरीवर बसली होती, ती मराठीत सांगत होती, “माझा लेक बाहेर आलाय, शेळी आत हाय, शेळी.” त्याला ‘शेळी’ कळेना आणि तिला तो काय विचारतोय ते कळेना. मी मध्ये पडून सांगितलं. त्यानं शेळी काढली. नंतर म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा कुणाला भाषा लागली नाही. पण शेळीच्या जागी नातू असता तर? सीमाभागातल्या शहरात सुरक्षेच्या पाट्या, सूचना, भोंग्यावरची पुकार दोन्ही भाषांत असलीच पाहिजे. हे मी भाषेच्या भांडणातून म्हणत नाही. ज्याला जीव वाचवायचाय त्याला समोरच्याची चार वाक्यं यायला हवीत, मराठी माणसालाही कन्नडची.

पुढची अडचण विजेची. लाइन चालू असताना पाणी मारायला जवान तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. मी १९१२ हा वीज तक्रारीचा नंबर लावला नाही. पाहणीच्या वेळचा एका लाइनमनचा नंबर माझ्याकडे होता, दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. बनियनवर आला, कोपऱ्यावरच्या टीसीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, काठी लावून डीओ फ्यूज पाडून लाइन बंद केली आणि वळून म्हणाला, “मारा पाणी.” तोपर्यंत पोरांनी गाड्यांच्या काचा फोडून हँडब्रेक काढले होते आणि गाड्या ढकलून मोकळ्या केल्या होत्या. खांब एका फॅब्रिकेशनवाल्याला उठवून त्याच्या कटरनं कापले. बंब आत आल्यापासून विझवायला वीस मिनिटं लागली. आत येईपर्यंत चाळीस गेली. त्यात चारही माग गेले. काका आता दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं बसतात.

म्हणजे पोलीस, बंब, वीज, महापालिका, मंडळ, सगळं तेच, गल्लीही तीच. भाद्रपदात जी गल्ली आरशासारखी चालते ती माघात बंद पडते.

दुसऱ्या दिवशी ताई आणि दाजी कोल्हापूरहून आले. दाजी नगरपालिकेच्या कामात आयुष्य घालवलेले, जाणते, मी त्यांना मानतो. चहा घेता घेता म्हणाले, “आमच्याकडे बंब महापालिकेचा. रस्ता महापालिकेचा, अतिक्रमण महापालिकेचं, बंबही तिचाच. आयुक्तांचा एक फोन गेला की तिन्ही हलतात. तुमच्याकडे कुणाचा कुणाला पत्ता नाही. महाराष्ट्रात असता तर काकांचे माग वाचले असते.”

शेवटचं वाक्य मला लागलं. काळ्या दिनाच्या सायकल फेरीत वडिलांच्या पुढच्या दांडीवर बसून गेलेला मी, मला महाराष्ट्राचं प्रेम शिकवायची गरज नाही. पण त्या खांबावर माझ्या मराठी मंडळाची सही होती. सरकार कुठलंही असतं तरी ते खांब तिथंच असते. त्या दिवशी मी गप्प बसलो. आज उत्तर देतो.

दाजींचं म्हणणं अर्धं खरं आहे. महाराष्ट्रात अग्निशमन स्थानिक संस्थांकडे असतं आणि त्याचा एक फायदा असा की रस्त्याची रुंदी बघणारा आणि बंब धाडणारा एकाच छपराखाली बसतो. पण राज्याच्या दलाचाही फायदा आहे. गोकाकला, चिकोडीला, खानापूरला तेच दल, तेच प्रशिक्षण, एका तालुक्याची गाडी दुसऱ्या तालुक्यात निघाली तर मालक कोण म्हणून कुणी विचारत नाही. लहान नगरपालिकेला बंब आणि माणसं स्वतःच्या पैशानं पोसणं किती जड जातं, हे दाजींनीच मला पूर्वी सांगितलेलं आहे.

आणि मालकी एक असली तरच समन्वय होतो, हे तर नदीच खोटं ठरवते. आमच्या निपाणी-चिकोडी भागातल्या दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा तुमच्याकडून येतात, दाजी. कोयना धरणातून किती सोडलं, काळम्मावाडी धरणातून किती, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी जातंय, हा आकडा पलीकडच्या राज्यातून आला की इकडचे अधिकारी कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी असले खालचे पूल बंद करतात. दोन राज्यं, दोन सरकारं, मालक एक नाही. आकडा वेळेवर आला तर माणूस वाचतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीही बुडालं आणि बेळगाव जिल्हाही बुडाला, तेव्हा पाण्यानं हद्द बघितली नाही. त्यानंतर दोन्हीकडचे अधिकारी पावसाळ्याच्या आधी बसून बोलतात, ते कुणी कुणाच्या हाताखाली आहे म्हणून नव्हे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की शेवटचा शब्द कुणाचा, यापेक्षा पहिला शब्द कुणाचा ते बघा. बीटचा पोलीस, वॉर्डाचा इंजिनिअर, लाइनमन, अग्निशमनचा लीडिंग फायरमन, या चौघांना एकमेकांची तोंडं माहीत आहेत का? रात्री दोन वाजता गाडीची काच फोडायची परवानगी जागेवरच्या माणसाला आहे का, की ती वरून यावी लागते? बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत होतं, कॅमेरे आले, कमांड सेंटर आलं. चांगलं आहे. कॅमेऱ्याला ते दोन खांब रोज दिसत असतील. काढायला सांगणारं कुणी नव्हतं. मला विचाराल तर कॅमेऱ्याच्या आधी प्रत्येक वॉर्डात वर्षातून दोनदा, सण नसताना, रात्रीची पाहणी ठेवली पाहिजे. बंब खरोखर गल्लीत आणून. पंधरा मिनिटांत कळेल काय अडतं.

११२ बद्दलही एक सांगायचं राहिलं. पोलीस, आग, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी तो एकच नंबर आहे आणि तोच लावावा, माझ्यासारखं ओळखीच्या माणसाला शोधत बसू नये. ओळख नसलेल्याचं घर काय जळू द्यायचं? पण कोगनोळीच्या बाजूला हद्दीवर राहत असाल तर मोबाइल कधीकधी पलीकडचा टॉवर धरतो आणि फोन दुसऱ्या राज्याच्या केंद्राला लागतो. तेव्हा पहिल्याच वाक्यात राज्य, तालुका, गाव सांगा.

मी लिहिलंय ते एका गल्लीवरून. मुंबई-बेंगळुरूची गोष्ट वेगळी असेल, आणि त्या रात्रीनंतर आमच्याकडेही काही बदललं आहे. कार्यालयांतली माणसं वाईट नव्हती, हेही पुन्हा सांगतो.

मंडळात मात्र मी भांडलो. खांब नकोतच, असं माझं म्हणणं होतं. दोन वर्षं वाद चालला, एका जुन्या मित्रानं बोलणं टाकलं. शेवटी जमिनीत पाइपाचे सॉकेट बसवले, कमान गणपतीच्या आधी उभी राहते आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी उतरते. गाड्या एकाच बाजूला लागतात, रोज नाही, पण बहुतेक. त्या लाइनमननी गेल्या वर्षी नोकरी पुरी केली. त्यांच्या जागी आलेला पोरगा हावेरीकडचा आहे, मराठी येत नाही. मी त्याला घरी बोलावून काकांचं घर आणि कोपऱ्यावरचा टीसी दाखवला, मोडक्या कन्नडमध्ये त्या रात्रीचं सगळं सांगितलं. त्यानं काकांचे हात बघितले आणि आपला नंबर काकांच्या आईच्या जवळच्या भिंतीवर खडूनं लिहिला, आकडे मोठे करून.