तुमचे प्रश्न : स्पॅकचा स्पॉन्सर, त्याचे अर्ध्या सेंटचे शेअर आणि हातउसने डॉलर

मागच्या अंकात अमेरिकेतल्या स्पॅक कंपन्यांचा नुसता ओझरता उल्लेख आला होता, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. स्पॅक म्हणजे कोरी कंपनी. तिचा स्वतःचा काही धंदा नसतो, ती आयपीओ आणून लोकांकडून साधारण १० डॉलरला एक युनिट (शेअर आणि वॉरंट यांची जोडी, वॉरंट म्हणजे पुढे ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा हक्क) अशा दराने पैसा गोळा करते, तो पैसा ट्रस्ट खात्यात अमेरिकन सरकारी रोख्यांमध्ये पडून राहतो, आणि दीड-दोन वर्षांत एखादी खरीखुरी खासगी कंपनी शोधून तिच्याशी मर्जर करायचं असतं. जमलं नाही तर ट्रस्टमधला पैसा व्याजासकट लोकांना परत, आणि जमलं तरी मर्जरच्या मतदानाच्या वेळी ज्याला आत राहायचं नसेल त्याला ट्रस्टमधला आपला वाटा परत मागता येतो. २०२१ या एका वर्षात अशा ६०० हून जास्त कंपन्यांनी मिळून १६ हजार कोटी डॉलरच्या आसपास पैसा उभा केला होता. जी ही कोरी कंपनी काढते ती पार्टी म्हणजे स्पॉन्सर.

प्रश्न : मी ॲपवरून अमेरिकन शेअर घेतो. एका स्पॅकच्या तिमाही रिपोर्टमध्ये वाचलं की स्पॉन्सरकडे २० टक्के शेअर आहेत आणि वर त्याने कंपनीला १५ लाख डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यायची तयारी दाखवलीय. मालकाचाच एवढा पैसा अडकलाय म्हणजे कंपनी भरवशाची, बरोबर ना? (एक वाचक, पुणे)

नाही हो, आणि याच समजुतीपायी लोकांचे पैसे गेलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ते २० टक्के शेअर त्याने तुमच्या भावात घेतलेले नसतात. आयपीओच्या कितीतरी आधी स्पॉन्सर साधारण २५ हजार डॉलर भरतो आणि त्यात त्याला फाउंडर शेअर मिळतात. समजा आयपीओत २ कोटी युनिट १० डॉलरने विकली, म्हणजे २० कोटी डॉलर जमले, तर फाउंडर शेअर ५० लाख होतात, आणि २५ हजार भागिले ५० लाख म्हणजे एका शेअरला अर्धा सेंट. तुम्ही १० डॉलर दिले. त्याने अर्धा सेंट दिला. अर्थात आयपीओचा खर्च आणि आयपीओ विकून देणाऱ्या अंडररायटर बँकांचं सुरुवातीचं कमिशन भागवायला तो वेगळी प्रायव्हेट वॉरंट घेतो, त्यात ५०-६० लाख डॉलर जातात, तो पैसा मात्र खरा जोखमीचा. आपण ६० लाख धरू, त्यात पुढे कर्जाचे १५ लाख धरू, म्हणजे एकूण ७५ लाखांच्या आसपास.

आता दोन शक्यता बघा. मर्जर झालंच नाही तर फाउंडर शेअरची किंमत शून्य, कारण ट्रस्टमधल्या पैशावर त्या शेअरचा हक्क स्पॉन्सरने आधीच लेखी सोडलेला असतो, वॉरंट पण शून्य, आणि कर्ज फक्त ट्रस्टबाहेर काही उरलं असेल तर त्यातून परत, जे बहुतेक वेळा उरलेलं नसतं. म्हणजे सगळे ७५ लाख गेले. मर्जर झालं, पण कंपनी टुकार निघाली आणि भाव १० वरून २ डॉलरवर आला असं समजा. तुमचे ८० टक्के गेले. त्याच्या ५० लाख शेअरची किंमत अजूनही १ कोटी डॉलर आहे आणि कर्जाचे १५ लाख नव्या कंपनीकडून परत मिळाले ते वेगळे. तुमच्यासाठी वाईट सौदा हा सौदा न होण्यापेक्षा वाईट, त्याच्यासाठी वाईट सौदा हा सौदा न होण्यापेक्षा कितीतरी चांगला. म्हणून मुदत संपत आली की कर्जाचा आकडा वाढताना दिसतो. तो आकडा वाढला म्हणजे स्पॉन्सरला सौद्याची गरज वाढली एवढंच त्यातून कळतं, समोरची कंपनी चांगली आहे की नाही यातलं काही कळत नाही.

हे मी मनाने सांगत नाहीये. चर्चिल कॅपिटल कॉर्प ३ या स्पॅकने ऑक्टोबर २०२० मध्ये मल्टिप्लॅन या आरोग्यविम्याच्या बिलांचं काम करणाऱ्या कंपनीशी मर्जर केलं. स्पॉन्सरने फाउंडर शेअरला २५ हजार डॉलर दिले होते, मर्जरच्या वेळी त्यांची किंमत साधारण ३० कोटी ५० लाख डॉलर झाली होती. शेअरहोल्डरांनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या चॅन्सरी कोर्टात दावा लावला की मल्टिप्लॅनचा सगळ्यात मोठा ग्राहक स्वतःचीच पर्यायी यंत्रणा उभी करतोय ही गोष्ट आमच्यापासून लपवली आणि त्यामुळे पैसे परत घ्यायचे की नाही हे आम्हाला नीट ठरवता आलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने दावा फेटाळायला नकार दिला, स्पॉन्सरचं हित आणि लोकांचं हित इथे वेगळं होतं हा मुद्दा पुढे चालण्याजोगा आहे असं म्हटलं, आणि पुढे ३ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला तडजोड झाली. त्यानंतर डेलावेअरमध्ये अशा दाव्यांची रांगच लागली.

कर्जाबद्दल अजून एक राहिलं. ही कर्जं दोन-तीन प्रकारची असतात. आयपीओच्या आधी प्रॉमिसरी नोटवर ३ लाख डॉलरपर्यंत दिलेले असतात, ते आयपीओ झाला की परत जातात, त्यात बघण्यासारखं फार नाही. नंतरचं वर्किंग कॅपिटल लोन, म्हणजे रोजच्या खर्चासाठीचं कर्ज, मात्र नीट वाचा. त्यात बहुतेकदा अशी अट असते की १५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम देणाऱ्याच्या मर्जीने १ डॉलरला एक वॉरंट या दराने वॉरंटमध्ये बदलता येईल. या वॉरंटवर शेअर घ्यायचा ठरलेला भाव ११.५० डॉलर. मर्जरनंतर भाव पडला तर तो रोख मागतो, आणि भाव समजा ४० डॉलरला गेला तर १५ लाखांच्या बदल्यात मिळालेल्या वॉरंटची किंमत ४ कोटी डॉलरच्या वर जाते. ते नवे शेअर छापले की तुमचा हिस्सा तेवढा पातळ होतो. बिनव्याजी म्हणजे फुकट असं समजू नका.

प्रश्न : एका स्पॅकच्या डायरेक्टरच्या नावाने फॉर्म ४ दिसला, त्यात २५ हजार शेअर आलेले दाखवलेत. इनसाइडर बायिंग बघून मी घेऊ का? (एक वाचक, ठाणे)

आधी त्या फॉर्ममधलं कोडचं घर बघा. अमेरिकेत डायरेक्टर, वरचे अधिकारी आणि १० टक्क्यांहून जास्त शेअर असणारे यांनी व्यवहार केला की दोन कामकाजाच्या दिवसांत फॉर्म ४ भरावा लागतो, तो एसईसी या अमेरिकन शेअरबाजार नियामकाच्या एडगर साइटवर कुणालाही फुकट बघता येतो. त्यात पी हे अक्षर असेल तर पैसे देऊन केलेली खरेदी, एस असेल तर विक्री. सी म्हणजे एका प्रकारचे शेअर दुसऱ्यात बदलले, स्पॅकमध्ये स्पॉन्सरच्या क्लास बी म्हणजे फाउंडर शेअरचे लोकांकडे असतात तसे क्लास ए शेअर होतात तेव्हा हे येतं. आणि ‘जे’ हे अक्षर म्हणजे बाकीचं काहीही. तुमच्या फॉर्ममध्ये बहुधा हे ‘जे’ असेल, कारण स्पॉन्सर आपल्या फाउंडर शेअरमधून थोडे थोडे डायरेक्टरांना देतो, जवळजवळ मूळच्याच भावात, म्हणजे २५ हजार शेअरला शे-सव्वाशे डॉलर. यात त्या डायरेक्टरने कंपनीबद्दल काही मत दिलं असं होत नाही. उलट मला तर हेच खटकतं, की सौदा चांगला आहे का हे स्वतंत्रपणे तपासायला जो बसवलाय त्याच्याच हातात सौदा झाला तरच किंमत येणारे शेअर ठेवलेत.

खालच्या तळटीपा पण सोडू नका. कधी स्पॉन्सर आपले फाउंडर शेअर अख्खेच्या अख्खे दुसऱ्या पार्टीला विकून बाजूला होतो आणि नवीन माणसं येतात, कधी मुदतवाढीच्या मतदानाच्या वेळी मोठ्या फंडांना सांगतो की तुम्ही पैसे परत मागू नका, त्या बदल्यात मी माझ्यातले फाउंडर शेअर देतो. असे करार ८-के नावाच्या फाइलिंगमध्ये सापडतात. तुम्हाला आम्हाला ही ऑफर कुणी देत नाही, पण ती दिली गेलीय हे कळलं तरी खूप कळतं.

प्रश्न : माझे मिस्टर ज्या स्टार्टअपमध्ये आहेत तिचं एका स्पॅकशी बोलणं चालू आहे, अजून जाहीर झालेलं नाही. स्पॅकचा शेअर तर उघड मार्केटमध्ये १० डॉलरला मिळतोय. मी माझ्या नावाने किंवा भारतात भावाला सांगून घेतला तर चालेल का? (एक वाचक, न्यू जर्सी)

ताई, अजिबात नको. तुमच्या नावाने नको, भावाच्या नावाने नको, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एक शब्द टाकू नका. न जाहीर झालेली महत्त्वाची माहिती वापरून घेतलं की इनसाइडर ट्रेडिंग, आणि दुसऱ्याला सांगून त्याला घ्यायला लावलं तरी सांगणारा अडकतो. स्पॅकमध्ये हा मोह जास्त असतो कारण घोषणेआधी भाव १० च्या आसपास बांधल्यासारखा असतो, खाली फारसा जाऊ शकत नाही आणि नाव मोठं निघालं तर वर कुठेही जाऊ शकतो.

डिजिटल वर्ल्ड ॲक्विझिशन कॉर्पचं प्रकरण डोळ्यासमोर ठेवा. सप्टेंबर २०२१ मध्ये तिचा आयपीओ झाला, २० ऑक्टोबरला तिने डोनाल्ड ट्रम्प यांच्या मीडिया कंपनीशी मर्जर जाहीर केलं, आणि १० डॉलरच्या आसपासचा शेअर दोन दिवसांत ९४ डॉलरवर बंद झाला. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी तिघांवर आरोप ठेवले की आयपीओच्या आधी गुप्ततेचा करार करून मिळालेली माहिती वापरून त्यांनी घोषणेपूर्वी मार्केटमधून घेतलं, मित्रांना आणि हाताखालच्या लोकांना पण सांगितलं, आणि घोषणा होताच विकून मिळून २ कोटी २० लाख डॉलरच्या वर कमावले. त्यातला एक, ब्रूस गॅरेलिक, त्या स्पॅकच्या बोर्डावर होता. बाकीचे दोघे मायकेल आणि जेराल्ड श्वार्ट्समन हे भाऊ. एप्रिल २०२४ मध्ये भावांनी गुन्हा कबूल केला, मे महिन्यात ज्युरीने गॅरेलिकला दोषी ठरवलं. सगळ्यात जास्त पैसे भावांनी केले, गॅरेलिकच्या स्वतःच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले होते, तरी तो सुटला नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण आपण फक्त दोन-चारशे शेअर घेतोय असं तुमच्या मनात आलं असेल.

त्याच कंपनीवर एसईसीने वेगळी कारवाई केली. आयपीओच्या कागदपत्रांत आमचं कुठल्याच कंपनीशी बोलणं झालेलं नाही असं लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात ट्रम्प यांच्या कंपनीशी बरंच बोलणं आधीच झालं होतं. जुलै २०२३ मध्ये १ कोटी ८० लाख डॉलर दंडावर ते मिटलं.

मिस्टरांच्या कंपनीत लीगलचं कुणी असेल तर ट्रेडिंगची बंदी कधीपासून कधीपर्यंत आहे ते लेखी विचारून ठेवा.

प्रश्न : मी सीए आर्टिकलशिप करतोय. मुदतवाढीसाठी स्पॉन्सर ट्रस्टमध्ये जे पैसे भरतो ते शेवटी कोण फेडतं? (एक वाचक, नाशिक)

छान विचारलंत. पद्धत अशी की तीन महिने वाढवून हवेत तर दर शेअरमागे साधारण १० सेंट ट्रस्टमध्ये भरायचे. डिजिटल वर्ल्डचंच उदाहरण घ्या, लोकांकडे २ कोटी ८७ लाख ५० हजार शेअर होते, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये तीन महिन्यांसाठी स्पॉन्सरकडून २८ लाख ७५ हजार डॉलर भरले गेले. हे पैसे स्पॅकच्या पुस्तकात स्पॉन्सरचं देणं म्हणून बसतात. जो माणूस मर्जरच्या वेळी पैसे परत घेऊन बाहेर पडतो त्याला ते १० सेंट रोख मिळतात. जो आत राहतो त्याच्या नव्या कंपनीला ते कर्ज स्पॉन्सरला फेडावं लागतं. म्हणजे भार राहणाऱ्यांवरच येतो, आणि बाहेर पडणारे जास्त असले की उरलेल्या थोड्या शेअरवर तोच भार, तेच फाउंडर शेअर. १०-क्यू या तिमाही रिपोर्टमध्ये रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन्स ही नोट काढा, महिन्याला १० हजार डॉलर ऑफिसभाडं धरून स्पॉन्सरला काय काय जायचंय ते सगळं तिथे असतं, मग ट्रस्टमधला पैसा वजा ही देणी भागिले फाउंडर धरून एकूण शेअर असं करून बघा, १० च्या जागी ६-७ डॉलर आले तरी नवल वाटून घेऊ नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या एसईसीच्या नियमांनी स्पॉन्सरचा मोबदला, हितसंबंध आणि हे पातळ होणं ठळकपणे दाखवणं सक्तीचं केलंय, त्यामुळे नवीन फाइलिंगमध्ये हा हिशेब बराचसा तयारच मिळतो.

प्रश्न : आपल्या लोकांनी हा मार्ग वापरलाय का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

तुमच्याच गावाशी नातं असलेल्या व्हिडिओकॉन समूहाची डीटूएच कंपनी २०१५ मध्ये सिल्व्हर ईगल नावाच्या स्पॅकमार्फत नॅसडॅकवर गेली होती. नंतर यात्रा ऑनलाइन, रिन्यू पॉवर, झूमकार. मुंबईच्या शेअरबाजारात मात्र धंदाच नसलेली कंपनी सेबीच्या नियमांत बसत नाही, गुजरातच्या गिफ्ट सिटीत २०२१ च्या नियमांनी वाट काढून दिली होती.

प्रश्न : माझ्याकडे एका स्पॅकचे ४०० शेअर आहेत, मर्जरच्या मतदानाची नोटीस आलीय. काय करू? (एक वाचक, कोल्हापूर)

पैसे परत घ्या की शेअर ठेवा हे मी नाही सांगणार, पण तुमचा हक्क तारखेला बांधलेला आहे. मत मर्जरच्या बाजूने दिलं तरी पैसे परत मागता येतात, मतदान वेगळं आणि रिडम्प्शन, म्हणजे ट्रस्टमधून पैसे परत घेणं, वेगळं. मागणी साधारण मीटिंगच्या दोन कामकाजाचे दिवस आधी पोचावी लागते, ती आपोआप होत नाही, आणि भारतातल्या ॲपच्या मागे अमेरिकन ब्रोकर असतो त्याची स्वतःची मुदत त्याहून आधीची असते, काही ॲप तर ही सोय देतच नाहीत. युनिट असतील तर आधी शेअर आणि वॉरंट सुटे करून घ्यावे लागतात. ट्रस्टमध्ये दर शेअरमागे किती जमलेत तो आकडा नोटिशीतच असतो, मार्केटचा भाव त्याच्या खाली असेल तर विकण्यापेक्षा रिडम्प्शन फायद्याचं. ॲपच्या सपोर्टला आजच मेल टाका, शेअरचं नाव, संख्या आणि रिडम्प्शन हा शब्द लिहून, आणि उत्तर लेखी घ्या.