पोलंडच्या सैन्याविषयी आणि पूर्व सीमेविषयी येणाऱ्या बातम्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

आपला प्रश्न असा आहे की, सप्टेंबर २०२५ मध्ये रशियन ड्रोन पोलंडमध्ये शिरले तेव्हा एकाच घराच्या पडझडीविषयी परस्परविरोधी बातम्या वाचायला मिळाल्या. त्यांतली खरी कोणती मानावी, आणि तिथले पत्रकार आपल्या सैन्याविषयी मोकळेपणाने लिहू शकतात का. मी एका मराठी दैनिकाच्या परराष्ट्र पानावर काम केले आहे आणि तेव्हापासून या भागातल्या घडामोडी नियमितपणे वाचत आलो आहे. एवढ्याच अधिकाराने हे उत्तर लिहितो आहे. पोलंडमधले पत्रकार सैन्याविषयी मोकळेपणाने आणि पुष्कळदा कठोरपणे लिहितात. मात्र त्यांचे मोलाचे काम घटनेच्या दिवशी क्वचितच हाती येते. ते आठवड्याने येते, कधी काही महिन्यांनी येते, आणि तोवर आपल्याकडची वर्तमानपत्रे आणि वाहिन्या तो विषय सोडून पुढे गेलेल्या असतात.

आपण म्हणता ते घर लुब्लिन प्रांतातल्या विरिकी या गावातले. ९ सप्टेंबरच्या रात्री आणि १० सप्टेंबरच्या पहाटे रशियन ड्रोन पोलंडच्या हवाई हद्दीत शिरले. सरकारने त्यांची संख्या आधी १९ सांगितली आणि पुढे २१ च्या आसपास नेली. पोलंडची एफ-१६ आणि नेदरलँड्सची एफ-३५ विमाने आकाशात होती, वॉर्सासह काही विमानतळ काही तास बंद राहिले, आणि पोलंडने नाटो कराराच्या चौथ्या कलमाखाली मित्रदेशांशी सल्लामसलत मागितली. सकाळी कॅमेरे विरिकीत पोहोचले तेव्हा छप्पर उडालेले ते घर दिसले, आणि हे ड्रोनचेच काम असे जवळपास सर्वांनी गृहीत धरले. १२ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पोलंडच्या परराष्ट्र खात्याचे मार्चिन बोसात्स्की यांनी त्याच घराचे छायाचित्र पुरावा म्हणून दाखवले. त्यानंतर १६ सप्टेंबरला ‘झेचपॉस्पोलिता’ या वॉर्साच्या दैनिकाने बातमी दिली की, घरावर पडले ते पोलंडच्याच एफ-१६ विमानाने ड्रोनवर सोडलेले आणि लक्ष्य चुकलेले एआयएम-१२० क्षेपणास्त्र होते. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी ही बातमी नाकारली नाही. नुकसानीची सारी जबाबदारी ड्रोन पाठवणाऱ्या रशियाची आहे, एवढेच ते म्हणाले. गुप्तचर सेवांचे समन्वयक मंत्री तोमाश शेमोन्याक यांनीही लवकरच, सारी चिन्हे आपल्याच विमानाच्या क्षेपणास्त्राकडे बोट दाखवतात, असे सांगितले.

तेव्हा आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे की, दुसरी बातमी खरी मानण्यास भक्कम आधार आहे. परंतु पहिली बातमी देणारे खोटे बोलत होते, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. त्या दिवशी गावात उभ्या असलेल्या बातमीदाराला फुटलेले छप्पर दिसत होते. ते कशाने फुटले हे त्याला दिसणे शक्यच नव्हते. ते ठाऊक असणारी माणसे सैन्यात, सरकारी वकिलांच्या कार्यालयात आणि मंत्रालयात होती, आणि ती बोलत नव्हती. खरा दोष या गप्प बसण्याचा आहे. शिवाय सापडलेले बरेचसे ड्रोन फोम आणि प्लायवुडचे, ‘गेर्बेरा’ जातीचे, हवाई संरक्षणाला चकवण्यासाठी उडवले जाणारे होते. इतकी हलकी वस्तू घराची अशी दुर्दशा करील का, ही शंका छायाचित्रे पाहून पहिल्याच दिवशी घेता येण्याजोगी होती.

सरकारी मौन फोडण्याची ही पहिली वेळ नव्हती. माझ्या मते या विषयावरचे सर्वांत बोलके प्रकरण बिद्गोश्च शहराजवळचे आहे. १६ डिसेंबर २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठा क्षेपणास्त्र हल्ला केला, आणि त्यातले एक केएच-५५ क्रूझ क्षेपणास्त्र भरकटून पोलंडमध्ये, पूर्व सीमेपासून शेकडो किलोमीटर आत येऊन जंगलात पडले. मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बनवलेले हे क्षेपणास्त्र चार महिने तिथेच पडून राहिले. एप्रिल २०२३ मध्ये जंगलातून जाणाऱ्या एका सामान्य नागरिकाला ते दिसले. सरकारने सुरुवातीला ‘हवाई लष्करी वस्तूचे अवशेष’ असा मोघम उल्लेख केला. ती वस्तू नेमकी काय आहे, ती केव्हा आणि कुठून आली, हे ‘आरएमएफ एफएम’ या खाजगी रेडिओ केंद्रासह इतर माध्यमांच्या बातमीदारांनी एकेक धागा जोडत बाहेर काढले. मग ११ मे रोजी संरक्षणमंत्री मारिउश ब्वाश्चाक यांनी पत्रकार परिषदेत सारा दोष ऑपरेशनल कमांडर जनरल तोमाश पियोत्रोव्स्की यांच्यावर टाकला. त्यांनी आपल्याला कळवलेच नाही, असा त्यांचा दावा होता. सैन्यातून आणि माजी अधिकाऱ्यांकडून या दाव्यावर जी उत्तरे आली त्यांतून वाचकांना प्रथमच कळले की, हवाई हद्दीच्या उल्लंघनाची माहिती वर कशी जाते आणि मंत्री आणि सेनापती यांच्यातला विश्वास किती विरला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये, संसदेची निवडणूक पाच दिवसांवर असताना, पियोत्रोव्स्की आणि लष्करप्रमुख जनरल रायमुंड आंद्शेइचाक या दोघांनीही पदे सोडली. सैन्याने लपवलेली गोष्ट पत्रकारांनी उघड केली, एवढ्यापुरतेच हे प्रकरण मी सांगत नाही. सैन्याची बातमी तिथे देशांतर्गत राजकारणापासून वेगळी काढताच येत नाही, हे त्यातून दिसते, आणि परदेशी वृत्तसंस्थांच्या तीन परिच्छेदांच्या बातमीतून नेमके तेच गळून पडते.

त्याच वर्षी १ ऑगस्टला बेलारूसची दोन हेलिकॉप्टरे ब्यावोव्येझा या अरण्यालगतच्या गावावरून गेली. रडारवर काही दिसले नाही, असे सैन्याने आधी सांगितले. गावकऱ्यांनी मात्र छायाचित्रे काढून समाजमाध्यमांवर टाकली होती, स्थानिक बातमीदारांनी ती उचलली, आणि संध्याकाळपर्यंत संरक्षण मंत्रालयाला उल्लंघन झाल्याचे मान्य करावे लागले. हेलिकॉप्टरे फार खालून उडत असल्याने रडारला दिसली नाहीत, हे कारण त्यासोबत आले.

आता परदेशी वृत्तसंस्थांविषयी, कारण आपल्याला मराठीत जे वाचायला मिळते ते बहुतांशी त्यांच्याकडूनच येते. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेव्होदुव या गावी क्षेपणास्त्र पडून दोन माणसे ठार झाली. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने एका निनावी अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याच्या हवाल्याने रशियन क्षेपणास्त्रे पोलंडमध्ये आल्याची बातमी सोडली, आणि नाटो युद्धात ओढली जाणार या चर्चेने जगभरचे पडदे भरून गेले. दुसऱ्या दिवशी पोलंडचे राष्ट्राध्यक्ष आणि नाटोचे सरचिटणीस या दोघांनीही सांगितले की, ते बहुधा युक्रेनच्या हवाई संरक्षणाचे क्षेपणास्त्र होते. वृत्तसंस्थेने बातमी मागे घेतली आणि संबंधित बातमीदाराला नोकरीवरून काढले. सोव्हिएत काळात बनलेली एस-३०० प्रणाली दोन्ही बाजूंकडे असल्यामुळे जागेवर सापडलेल्या तुकड्यांवरून ते कोणी सोडले हे ठरवता येत नव्हते. त्यासाठी रडारवर नोंदलेला मार्ग हवा होता, आणि तो काही मोजक्याच लोकांच्या हाती होता. एकच निनावी सूत्र, तेही त्या देशाबाहेरचे, आणि घटनेला काही तासच झालेले, अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या की मी ती बातमी चोवीस तास बाजूला ठेवतो.

मोकळेपणाच्या मुद्द्यावर येतो, कारण तिथे चित्र इतके उजळ नाही. बेलारूसने स्थलांतरितांना सीमेकडे ढकलायला सुरुवात केल्यावर २ सप्टेंबर २०२१ पासून पोलंडने सीमेलगतच्या १८३ गावांत आणीबाणी लागू केली आणि त्या पट्ट्यात पत्रकारांना प्रवेश बंद केला. परिणाम विचित्र झाला. नोव्हेंबरमध्ये कुझ्नित्सा येथे हजारो माणसे सीमेवरच्या काटेरी तारेपाशी अडकली तेव्हा सीएनएन आणि बीबीसी यांचे बातमीदार बेलारूसच्या बाजूने, लुकाशेन्को सरकारच्या परवानगीने चित्रीकरण करत होते, आणि पोलंडच्या बाजूची दृश्ये म्हणजे सीमारक्षक दलाने स्वतः पुरवलेल्या फिती होत्या. आपल्या बाजूची गोष्ट जगाला दिसावी अशी इच्छा असलेल्या सरकारने आपल्याच पत्रकारांना दाराबाहेर ठेवले, ही चूक मला आजही अनाकलनीय वाटते. त्याच महिन्यात बंदी असलेल्या पट्ट्याबाहेर काम करणाऱ्या तीन छायाचित्रकारांना सैनिकांनी बेड्या घालून अडवून ठेवले. जानेवारी २०२२ मध्ये, पट्ट्यात शिरल्याबद्दल दंड झालेल्या पत्रकारांच्या प्रकरणात पोलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी चुकीची ठरवली. तोवर कायदा बदलून सीमारक्षकांच्या परवानगीने प्रवेश देण्याची पद्धत सुरू झाली होती. जून २०२४ मध्ये, सीमेवर भोसकल्या गेलेल्या एका सैनिकाच्या मृत्यूनंतर, आधीच्या सरकारवर टीका करत सत्तेवर आलेल्या टुस्क सरकारनेही त्या भागात प्रवेशबंदीचा पट्टा पुन्हा आखला. एप्रिल २०२५ पासून तर संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाच्या हजारो ठिकाणांचे, त्यांत पूल, बोगदे आणि बंदरेही आली, परवानगीवाचून छायाचित्रण करण्यास दंड आणि अटकेची तरतूद लागू झाली आहे.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळून उत्तर पुरे होणार नाही. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, युक्रेनमधून निघालेले निर्वासित आणि त्यांच्यासोबत आपले विद्यार्थी पोलंडच्या सीमेवर पोहोचत होते, त्याच दिवसांत प्शेमिश्ल शहरात पाब्लो गोन्झालेझ या स्पॅनिश पत्रकाराला रशियासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून अटक झाली. खटला न चालता तो दोन वर्षांहून अधिक काळ कोठडीत राहिला, आणि पत्रकारांच्या संघटनांनी त्यावर रास्त आक्षेप घेतले. १ ऑगस्ट २०२४ रोजी अंकारा येथे झालेल्या कैद्यांच्या अदलाबदलीत तो रशियाला गेला आणि मॉस्कोच्या विमानतळावर खुद्द पुतिन यांनी त्याचे स्वागत केले. त्यामुळे झेशुव विमानतळाभोवती, जिथून युक्रेनला जाणारी बहुतांश लष्करी मदत पुढे जाते, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या परक्या माणसाकडे पोलीस संशयाने पाहत असतील तर त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. त्याच वेळी सीमेपलीकडे ‘गाझेता विबोर्चा’ या पोलिश दैनिकाचे ग्रोद्नो येथील बातमीदार आंद्जेय पोचोबुत यांना बेलारूसने २०२३ मध्ये आठ वर्षांची शिक्षा सुनावली, २०२५ चा युरोपीय संसदेचा साखारोव्ह पुरस्कार ज्या दोघांना जाहीर झाला त्यांतले ते एक. पोलंडमधले निर्बंध आणि बेलारूसमधला तुरुंग एकाच मापाने मोजणारे लेख कधीमधी दिसतात. ते मला अप्रामाणिक वाटतात.

बनावट बातमीचा धोका आणखी वेगळा. ३१ मे २०२४ च्या दुपारी पीएपी या पोलंडच्या सरकारी वृत्तसंस्थेच्या अधिकृत सेवेवरच बातमी आली की, १ जुलैपासून दोन लाख माणसांना सक्तीने सैन्यात बोलावून युक्रेनला पाठवले जाईल. ती बाहेरून घुसवलेली होती, काही मिनिटांत काढली गेली, आणि थोड्या वेळाने पुन्हा झळकली. अशा वेळी एक सवय वाचवते: एवढी मोठी गोष्ट पंतप्रधानांच्या तोंडून न येता नुसत्या वृत्तसेवेतून कशी येईल, हे आधी विचारावे.

काय वाचावे, असेही आपण विचारले आहे. ‘झेचपॉस्पोलिता’, ‘ओनेट’ हे वृत्तसंकेतस्थळ आणि ‘आरएमएफ एफएम’ यांची शोधबातमी बहुधा टिकते. स्थलांतरितांवर इशाऱ्याच्या गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांनाच लष्करी पोलिसांनी बेड्या घातल्याची जून २०२४ ची बातमी ‘ओनेट’ची, आणि तिच्यामुळे शस्त्र वापरण्याच्या नियमांवर संसदेत कायदा करावा लागला. ‘डिफेन्स२४’सारखी संरक्षणाला वाहिलेली संकेतस्थळे दक्षिण कोरियाचे के-२ रणगाडे किंवा अमेरिकी अपाची हेलिकॉप्टरे यांच्या खरेदीचा तपशील उत्तम देतात, पण शस्त्र कंपन्यांच्या जगाशी त्यांचा रोजचा संबंध असल्याने, ही खरेदी परवडते का या प्रश्नासाठी मी दुसरीकडे पाहतो. ‘पोल्स्का झ्ब्रोय्ना’ हे सैन्याचेच प्रकाशन आहे, तेव्हा ते त्याच दृष्टीने वाचावे. पोलिश येत नसेल तर वॉर्साच्या पूर्व-अभ्यास केंद्राचे, म्हणजे ओएसडब्ल्यूचे, इंग्रजी अहवाल शांतपणे लिहिलेले असतात आणि बेलारूस आणि पोलंडला लागून असलेला रशियाचा कालिनिनग्राद प्रदेश यांविषयी त्यांच्याइतकी नियमित माहिती क्वचितच कोणी देते.

एक व्यावहारिक बाब सांगून थांबतो. रशिया युक्रेनच्या पश्चिम भागावर क्षेपणास्त्रे सोडतो त्या रात्री पोलंडची ऑपरेशनल कमांड समाजमाध्यमांवर कळवते की, आपली आणि मित्रदेशांची विमाने आकाशात झेपावली आहेत. काही तासांनी, हवाई हद्दीचे उल्लंघन आढळले नाही आणि कारवाई संपली, असे दुसरे निवेदन येते. आपल्या वाहिन्यांवर पहिले निवेदन ‘पोलंडने लढाऊ विमाने उडवली’ म्हणून युद्धाच्या संगीतासह दिसते. दुसरे मी तिथे अजून पाहिलेले नाही. पुढच्या वेळी असा मथळा दिसला तर त्याच कमांडच्या खात्यावर सकाळी दुसरे निवेदन आले आहे का, तेवढे पाहावे.