तुमचे प्रश्न: डीएनए रिपोर्ट हातात आला, आता पुढे काय?

गेल्या अंकात डीएनए टेस्टचा नुसता उल्लेख केला होता तर या वेळी जवळजवळ सगळी पत्रं त्याच विषयावर आली. मी जेनेटिक काउन्सेलिंगचं काम करते, म्हणजे रोज लोकांचे असले रिपोर्ट समोर ठेवून बोलायचं हेच माझं काम, त्यामुळे पत्रं वाचताना बऱ्याचदा वाटलं की ही माणसं समोर असती तर बरं झालं असतं. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, पण ज्या पत्रांमधली काळजी खरी आणि लगेचची वाटली ती घेतलीत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

मॅडम, मी आणि माझ्या सख्ख्या भावाने एकाच कंपनीचं किट मागवलं, एकाच दिवशी थुंकी नळीत भरून पाठवली. एका प्रदेशातले पूर्वज माझ्या रिपोर्टमध्ये २२ टक्के आणि त्याच्या रिपोर्टमध्ये ९ टक्के. आईवडील एकच, मग असं कसं? घरात यावरून चेष्टा चालू झालीय आणि आईला ते अजिबात आवडत नाहीये.

चेष्टा आधी थांबवा, आईला वाईट वाटणं साहजिक आहे आणि त्या चेष्टेला काही आधारही नाहीये. प्रत्येक मुलाला आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा डीएनए मिळतो हे खरं, पण कुठला निम्मा ते दर वेळी नव्याने ठरतं, पत्ते पिसून निम्मी पानं उचलावी आणि पुन्हा सगळी पानं एकत्र करून पिसून निम्मी उचलावी तसं. म्हणून सख्ख्या भावंडांचा डीएनए सरासरी ५० टक्के जुळतो, प्रत्यक्षात कुठे ४० च्या आसपास तर कुठे ६० पर्यंत. तुमच्या रिपोर्टमध्ये नातेवाइकांची यादी असते ना, तिथे भाऊ 'सख्खा भाऊ' म्हणून दिसत असेल तर विषय संपला.

आणि ते २२ आणि ९ टक्के हे मोजमाप नाहीये, अंदाज आहे. कंपनीकडे आज जिवंत असलेल्या, वेगवेगळ्या प्रदेशातल्या लोकांचे नमुने असतात, तुमचा डीएनए कोणाशी किती मिळताजुळता आहे ते बघून हे आकडे काढले जातात. कंपनीने तो नमुन्यांचा संच बदलला की तुमचे टक्के पण बदलतात, तुमच्या पेशींमध्ये काहीही न बदलता. दहा पिढ्या मागे गेलं तर हिशोबाने १०२४ पूर्वज होतात आणि त्यातल्या कित्येकांचा एकही तुकडा आज तुमच्यात नसतो, तरी ते तुमचेच पूर्वज. काही टेस्टमध्ये बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम (क्रोमोसोम म्हणजे पेशीतली डीएनएची गुंडाळी) किंवा आईकडून सगळ्या मुलांना मिळणारा मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचा, डीएनए बघून 'तुमचं मूळ घराणं' सांगतात, ते खोटं नसतं, पण त्या १०२४ मधल्या फक्त एका एका माणसाची ती रेषा असते, बाकी १०२२ जणांबद्दल ती काहीच बोलत नाही.

माझ्या आईला ४१ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, उपचार झाले, आता ती बरी आहे. मावशी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. मी ३४ वर्षांची आहे. घरी किट मागवून टेस्ट केली त्यात 'व्हेरिअंट आढळला नाही', म्हणजे जीनमध्ये बिघाड नाही, असं आलं. खूप हलकं वाटलं. पण नवरा म्हणतो एकदा डॉक्टरांना दाखव. गरज आहे का?

गरज आहे ताई, आणि तुमच्या नवऱ्याचं मी मनापासून कौतुक करते. तुमचं पत्र मी सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवलं होतं कारण त्या 'आढळला नाही' या दोन शब्दांनी फार माणसं फसतात.

बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही दोन जीन्स आपल्या सगळ्यांकडे असतात, डीएनएमधली मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यात बिघाड असेल तर ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. बिघाड असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. आता मुद्दा असा की हा बिघाड एका ठरलेल्या जागीच होतो असं नाही, या दोन जीन्समध्ये असे हजारो वेगवेगळे बिघाड सापडलेत. आणि घरी मागवायच्या बऱ्याच किटमध्ये पूर्ण जीन वाचलाच जात नाही, ठरावीक जागा तपासतात. अमेरिकेत २०१८ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीला बीआरसीएची टेस्ट थेट ग्राहकांना द्यायची परवानगी मिळाली तेव्हा त्यात फक्त ३ बिघाड तपासले जात होते, ते तिन्ही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू समाजात आढळणारे. पुढे ती संख्या ४४ झाली. हजारोंपैकी ४४. म्हणजे घराच्या ४४ खिडक्या बंद आहेत एवढं कळलं, दाराचं काय ते कोणी बघितलंच नाही.

तुम्ही काय करायचं ते सांगते. पहिली टेस्ट तुमची नाही, आईची. ज्या व्यक्तीला आजार होऊन गेलाय तिचीच आधी करायची, हे बऱ्याच लोकांना उलटं वाटतं, पण विचार करा: आईची पूर्ण सिक्वेन्सिंगवाली पॅनेल टेस्ट, म्हणजे अनेक जीन्स अक्षर न् अक्षर वाचणारी टेस्ट केली आणि तिच्यात अमुक जागी बिघाड सापडला, मग तुमच्यात नेमकी तीच जागा बघायची. तुमच्यात तो नसेल तर तेव्हा 'नाही' या शब्दाला खरा अर्थ येतो, त्या बिघाडामुळे येणारा जास्तीचा धोका तुम्हाला नाही असं छातीठोकपणे सांगता येतं. असेल तर ३४ हे वय हातात वेळ असण्याचं आहे, दर वर्षी ब्रेस्टचा एमआरआय, पुढे कधी ओव्हरीज काढायच्या का यावर बोलणं, सगळं शांतपणे ठरवता येतं. आईमध्ये काहीच सापडलं नाही तर मात्र तुमचा धोका घरातल्या इतिहासावरून मोजावा लागेल, कारण आपल्याला माहीत नसलेलं एखादं जीनही यामागे असू शकतं. रिपोर्टमध्ये कधी 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो, त्याला घाबरून कोणतंही ऑपरेशन करून घेऊ नका, असे बहुतेक बदल पुढे अधिक माहिती आल्यावर निरुपद्रवी ठरतात.

अजून एक, हे मी प्रत्येकाला सांगते. हा बिघाड फक्त आईकडून येतो असं नाही. वडिलांकडूनही येतो, मुलग्यांनाही मिळतो, प्रत्येक मुलाला मिळायची शक्यता अर्धी. बीआरसीए२ मधल्या बिघाडाने पुरुषांना प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढतो. मामा असेल, मावशीची मुलं असतील तर आईच्या रिपोर्टची कॉपी त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे. आत्या आणि आजी कशाने गेल्या हे फॉर्मवर लिहिताना लोक 'लागू नाही' लिहून मोकळे होतात, तसं करू नका.

मी माझा रॉ डेटा, म्हणजे कंपनीने वाचलेल्या डीएनएच्या अक्षरांची फाइल, डाउनलोड करून एका दुसऱ्या वेबसाइटवर टाकला, तिथे लाल अक्षरात हृदयाचा एक गंभीर आनुवंशिक आजार दाखवला. तीन रात्री झोप नाहीये.

आज झोपा. हे किट ज्या चिपवर चालतं ती डीएनएच्या ३०० कोटी अक्षरांपैकी साधारण ६ ते ७ लाख जागा वाचते, आणि जे बदल फार थोड्या लोकांत असतात ते वाचताना ती बऱ्याचदा चुकते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रॉ डेटामधले बदल क्लिनिकल लॅबमध्ये पुन्हा तपासले तर त्यातले ४० टक्के मुळात नव्हतेच. अभ्यास लहान होता, ४९ जणांचे नमुने, पण आम्ही रोज जे बघतो त्याच्याशी जुळणारा. तरी दुर्लक्ष पण करायचं नाही. डॉक्टरांकडून नव्याने रक्त देऊन तीच एक जागा तपासून घ्या, आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, पळताना चक्कर येऊन पडायचं का, हे विचारून ठेवा.

माझं वय ४६. रिपोर्टमध्ये एक अनोळखी बाई २४ टक्के जुळते असं दिसतंय, माझ्याहून ३ वर्षांनी मोठी. तिने मेसेज केलाय, 'आपलं नातं काय असेल?' बाबा जाऊन ६ वर्षं झाली, आई ७४ ची आहे. मी गोठून गेलेय. काय करू?

आधी त्या आकड्याचं बघू, कारण मन पुढे धावत असणार. २५ टक्क्यांच्या आसपास जुळणं म्हणजे सावत्र बहीण (आई किंवा वडील, दोघांपैकी एकच समान) असू शकते, आत्या किंवा मावशी असू शकते, भाची किंवा पुतणी असू शकते, आजी-नात सुद्धा. तुमच्या दोघींचं वय बघता सावत्र बहीण ही शक्यता पुढे येते हे मी लपवत नाही, पण मोठ्या कुटुंबात लहान वयाची आत्या किंवा मोठ्या वयाची पुतणीही असते. एक धागा आहे. वडिलांकडे एक्स क्रोमोसोम एकच असतो आणि तो ते प्रत्येक मुलीला अख्खाच्या अख्खा देतात, त्यामुळे दोघींचे वडील एकच असतील तर एक अख्खा एक्स दोघींचा जुळलेला दिसायला हवा. तसा जुळत नसेल तर वडिलांकडून सावत्र बहीण ही शक्यता जवळजवळ बाद होते. असलं बघायला एखाद्या जाणकाराची मदत घ्या, रात्री दोन वाजता एकटीने बसून चार्ट वाचू नका.

आणि सावत्र बहीण निघालीच तर त्यातून बाबांबद्दल लगेच एकच गोष्ट सिद्ध होत नाही. ती आईच्या बाजूची असेल, दोघींपैकी एकीचा जन्म दात्याच्या शुक्राणूंपासून झालेला असेल, दत्तक गेलेलं मूल असेल, लग्नाआधीची गोष्ट असेल. तुमच्यावर ज्यांनी माया केली ते बाबा कालपर्यंत होते तसेच तुमचे आहेत, या रिपोर्टने तुमच्या ४० वर्षांच्या आठवणी खोडल्या जात नाहीत.

आता त्या बाईचं. तिला गप्प बसवू नका असं मला वाटतं. ती कदाचित कित्येक वर्षं हे एक उत्तर शोधतेय, आणि कदाचित तिलाही तुमच्याइतकाच धक्का बसलाय. 'मेसेज मिळाला, मला थोडा वेळ लागेल, पण मी उत्तर देईन' एवढं कळवा आणि तो शब्द पाळा. घरात डायबिटीस, हृदयविकार, कॅन्सर काय काय आहे हे नाव-गाव न सांगता तिला देता येईल, रक्ताचं नातं असेल तर ती माहिती तिच्याही जिवाशी संबंधित आहे. भेटायचं की नाही, फोटो पाठवायचे की नाही, हा निर्णय महिन्यांनी घेतला तरी चालतो.

आईला सांगायचं का? आधी एका विश्वासाच्या माणसाशी बोला, मग आईशी, एकांतात, रिपोर्ट हातात न घेता. 'तुला काही माहीत असेल तर मला ऐकायचंय, नसेल सांगायचं तर मी पुन्हा विचारणार नाही' असं म्हणा. मी पाहिलंय, बऱ्याचदा आईला सगळं आधीपासून माहीत असतं आणि एवढी वर्षं ते एकटीने सांभाळल्याचा थकवा असतो. पण आईला स्मृतिभ्रंश असेल किंवा तब्येत फार नाजूक असेल तर थांबा.

मुलगा ८ वर्षांचा आहे, त्याची पण टेस्ट करून ठेवू का, पुढे उपयोगी पडेल?

उत्सुकतेपोटी नको. जे आजार मोठेपणीच होतात आणि ज्यावर लहानपणी काही करता येत नाही त्यांची टेस्ट करायची की नाही हे त्याने मोठं झाल्यावर ठरवावं. घरात काही ठरावीक आजार असेल तर गोष्ट वेगळी, उदाहरणार्थ आनुवंशिक हाय कोलेस्टेरॉल, साधारण २५० माणसांमागे एकाला असतं आणि लहानपणापासून औषध सुरू केलं तर हृदय वाचतं, ते जरूर बघा.

डेटा डिलीट करावा का? बातम्या वाचून भीती वाटते.

भीती अगदीच बिनबुडाची नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी मध्ये चोर साधारण १४ हजार लोकांच्या खात्यांमध्ये घुसले, इतर साइटवरून चोरीला गेलेले पासवर्ड इथेही चालले म्हणून, पण 'नातेवाईक शोधा' या सोयीतून तब्बल ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि लोकांना प्रश्न पडला की आपला डेटा आता कोणाच्या हातात जाणार. पासवर्ड बदलता येतो हो, डीएनए कसा बदलणार. आणि तो एकट्याचा नसतोच, २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात अनेक वर्षं न सापडलेला खुनी पकडला गेला तो दूरच्या नातेवाइकांनी हौसेने वेबसाइटवर टाकलेल्या डीएनएमुळे. तिथे चांगलं झालं, पण म्हणजे तुम्ही टेस्ट केली तर तुमच्या मावसभावाचंही थोडं दार उघडतं हे लक्षात घ्या.

हवं ते डाउनलोड करून घ्या, मग खातं बंद करा, उरलेला थुंकीचा नमुना नष्ट करा असं लेखी सांगा, संशोधनाची संमती मागे घ्या. आधी वापरला गेलेला डेटा मात्र परत येत नाही. विमा कंपन्या रिपोर्ट मागू शकतात का हे प्रत्येक देशात वेगळं आहे, अमेरिकेतला २००८ चा कायदासुद्धा आरोग्य विमा आणि नोकरीपुरताच आहे, आयुर्विम्याला तो लागू नाही, तेव्हा टेस्टच्या आधी तुमच्याकडचा नियम विचारा.

मला लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष निघालाय, एमएलएच१ या जीनमध्ये बिघाड. भाऊ म्हणतो, 'मला काही ऐकायचं नाही, विषय काढू नकोस.' त्याचा हक्क मान्य करून गप्प बसू का?

तुम्ही किती अडकला असाल ते समजतंय. न जाणून घेण्याचा हक्क त्याला आहेच, मी तो मानते. पण लिंचमध्ये आतड्याच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो आणि ठरावीक वयापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतड्याची तपासणी, केली तर तो लवकर पकडता येतो, कित्येकदा होण्याआधीच थांबवता येतो. त्याच्यातही हा बिघाड असण्याची शक्यता अर्धी आहे. ज्या आजारावर काहीच उपाय नाही तिथे मी तुम्हाला गप्प बसा म्हटलं असतं, इथे नाही म्हणणार. फक्त समोर बसवून भाषण देऊ नका, त्याला नको ते सगळं त्याच्या कानावर घालू नका. एक बंद पाकीट द्या, आत तुमच्या रिपोर्टची कॉपी, आणि वर एवढंच लिहा:

'दादा, हे तुझ्यासाठी नाही, तुझ्या डॉक्टरांसाठी आहे. उघडू नकोस, पुढच्या वेळी गेलास की त्यांच्या हातात दे. मी पुन्हा विषय काढणार नाही. कधी बोलावंसं वाटलं तर कितीही वाजता फोन कर.'

आणि पाकीट दिल्याची तारीख स्वतःजवळ लिहून ठेवा, वर्षभराने फक्त एकदा, 'ते दिलंस का' असं विचारायला.