टुटूची आतली बाजू

बॅलेच्या वेशभूषेविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना या वेळी उत्तरे दिली आहेत. बहुतेकांना टुटूचे, म्हणजे बॅलेरिनाच्या त्या जाळीदार घेराचे, विलक्षण आकर्षण आहे. टुटूकडे कामाचा पोशाख म्हणून पाहिले तर त्याचे सौंदर्य अधिक उलगडते, असे माझे मत आहे आणि पुढील उत्तरांवर त्या मताची छाप पडलेली दिसेल.

प्रश्न : ‘जिझेल’मधील नर्तिकांचा घेर पोटऱ्यांपर्यंत येतो, तर ‘स्वान लेक’मधील घेर कमरेभोवती आडवा, ताठ उभा असतो. दोन्हींना टुटूच म्हणतात. हा फरक केवळ त्या त्या काळच्या फॅशनचा आहे का? (एक वाचिका, ठाणे)

फॅशनचा वाटा आहे, पण तो दुय्यम आहे. घेर किती लांब असावा हे मुख्यतः पायांनी ठरवले. अठराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या ऑपेरात नर्तिका दरबारी थाटाचे, लांब आणि जड घागरे घालून नाचत असत, आणि अवघड उड्या ही पुरुषांची मिरासदारी समजली जात असे. 1726 मध्ये तेथे पदार्पण करणाऱ्या मारी कामार्गो हिने त्या उड्या स्वतः मारायला सुरुवात केली. हवेत असताना दोन्ही पाय झपाट्याने एकमेकांपुढे-मागे नेण्याचे तिचे कसब प्रेक्षकांना दिसणे आवश्यक होते, म्हणून घागऱ्याची कड घोट्याच्या वर गेली. आज ही लांबी कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेव्हा मात्र तो धीटपणा ठरला.

आपण जिला ‘जिझेल’ची लांबी म्हणता ती रूढ झाली 12 मार्च 1832 रोजी, पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ प्रथम सादर झाले तेव्हापासून. मारी तालिओनी हिने त्यात वायुकन्येची भूमिका केली. अंगाबरोबर बसणारी चोळी, उघडे खांदे आणि पांढऱ्या विरळ मलमलीचा घंटेसारखा घेर, या पोशाखाचे श्रेय सामान्यतः यूजीन लामी यांना दिले जाते. पायाच्या बोटांच्या टोकावर तोललेले पाऊल दिसावे, पण गुडघा आणि मांडी यांचे श्रम झाकलेले राहावेत, असे त्याचे माप आहे. शिवाय त्या ऑपेरात 1822 पासून गॅसचे दिवे आले होते. त्या मंद, निळसर उजेडात पांढरे कापड जणू स्वतःच उजळल्यासारखे दिसे. उडी संपवून नर्तिका खाली येते तेव्हा हलके कापड क्षणभर मागे रेंगाळते आणि तिचे उतरणेच संथ झाल्याचा भास होतो. 1841 च्या ‘जिझेल’मध्ये दुसऱ्या अंकात विलींचा, म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या तरुणींच्या भुतांचा, थवा येतो, तेव्हाचे सारे गारूड या भासावर उभे आहे. म्हणून आखूड टुटूतील विली कोणी रंगमंचावर आणल्याच, तर त्या मला तरी पटणार नाहीत.

पुढची कात्री चालवली ती इटालियन नर्तिकांनी. व्हर्जिनिया झुक्की 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली आणि तिथल्या चालीपेक्षा आखूड घेर घालूनच नाचण्याचा आग्रह तिने धरला. तिच्यामागून आलेल्या पिएरिना लेन्यानी हिने 1893 मध्ये ‘सिंड्रेला’त सलग 32 फुएते घेतल्या, एका पायाच्या टोकावर उभे राहून दुसऱ्या पायाच्या झटक्याने घेतलेल्या या गिरक्या 1895 च्या ‘स्वान लेक’मध्येही तिने घेतल्या. लांब घेर असता तर दर झटक्यागणिक कापड पायाभोवती गुंडाळले गेले असते. तरीही लेन्यानीचा घेर आजच्यासारखा आडवा नव्हता, तो खाली झुकणारा आणि गुडघ्यांच्या आसपास संपणारा होता. पोलादी कडी घालून सपाट केलेला टुटू हा विसाव्या शतकाचा आहे. त्यात संपूर्ण पाय कमरेपासून दिसतो, पण सोबतच्या नर्तकाची पंचाईत होते, कारण त्याला तिची पावलेही दिसत नाहीत आणि तिच्या फार जवळही जाता येत नाही. तिचा तोल गेला की नाही, हे त्याला हातांवरच ओळखावे लागते.

न्यूयॉर्कमध्ये वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी या कडीवर फार शहाणपणाचा उतारा काढला. नृत्यदिग्दर्शक बॅलन्शीन यांच्या ‘सिंफनी इन सी’मध्ये शेवटी रंगमंच नर्तिकांनी भरून जातो आणि कडी घातलेले घेर एकमेकांवर आदळून तिरके होतात. 1950 मध्ये कारिन्स्का यांनी कडीच काढून टाकली, जाळीचे थर कमी आणि आखूड केले आणि ते सैलसर टाचून एकमेकांच्या आधाराने फुलू दिले. माझ्या पसंतीचा टुटू हाच आहे.

प्रश्न : गॅसच्या दिव्यांमुळे नर्तिका भाजून मेल्याच्या कथा वाचनात येतात. त्यांत तथ्य किती? न पेटणारे कापड तेव्हा नव्हते का? (एक वाचक, कोल्हापूर)

दुर्दैवाने त्या खऱ्या आहेत. 1844 च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर हिचा पोशाख प्रयोग चालू असताना पेटला आणि काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. एमा लिव्ही हिची हकिगत अधिक प्रसिद्ध आहे. ती तालिओनीची लाडकी शिष्या होती. 1860 मध्ये तालिओनीने तिच्यासाठी ‘ल पापियों’ हे नृत्यनाट्य बसवले होते, आणि त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीत जळतात. 15 नोव्हेंबर 1862 रोजी ‘ला म्युएत द पोर्तिची’ या ऑपेराच्या तालमीत लिव्हीचा घेर गॅसच्या ज्योतीला लागला. त्यानंतर जवळपास आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 रोजी ती गेली. वय 20 होते. तिच्या त्या पोशाखाचे उरलेले तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात जपलेले आहेत.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर ‘होते’ असे आहे. तुरटी, टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात कापड बुडवण्याची कार्तेरों यांची पद्धत उपलब्ध होती, आणि पॅरिसच्या नाट्यगृहांना 1859 पासून ती सक्तीची करण्यात आली होती. पण त्या द्रावणाने मलमल ताठ आणि मळकट दिसू लागे, म्हणून लिव्हीने आपला नेहमीचाच घेर घालण्याचा हट्ट धरला आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. तिला हेकेखोर म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. जिचे सारे नाव हलकेपणावर अवलंबून होते, तिच्यापुढे जड पोशाख आणि धोकादायक पोशाख एवढेच दोन पर्याय ठेवले गेले. ज्योतींना पुरेसे आडोसे घालण्याचा तिसरा पर्याय तिच्या हातात नव्हता.

प्रश्न : मी शिवणकाम करते. टुटू कसा शिवतात, आणि प्रयोगानंतर तो धुतात कसा? (एक वाचिका, पुणे)

शिवणाऱ्याने टुटू नेहमी उलटा करून पाहावा. आपल्याला वरून एक सपाट तबकडी दिसते. खाली मात्र एक चड्डी असते आणि तिच्यावर जाळीच्या चुणीदार झालरी एकीखाली एक शिवलेल्या असतात. बहुधा दहा-बारा थर असतात. सर्वांत खालची झालर बोटभर रुंद, मग प्रत्येक थर थोडा मोठा, आणि सर्वांत वरचा दीड वीत किंवा थोडा अधिक. मधल्या एका थरात नेफ्यासारखी पट्टी शिवून तिच्यात पोलादी कडी ओवतात. हे सारे झाल्यावर खरे कौशल्याचे काम सुरू होते: लांब, ढिल्या हातटाक्यांनी सर्व थर एकमेकांना टाचायचे. टाके आवळले तर घेर मेल्यासारखा पडतो आणि सैल राहिले तर थर फाकतात, त्यामुळे हा भाग यंत्रावर उरकता येत नाही.

कमरेपासून नितंबापर्यंत घट्ट बसणारा पट्टा आणि वरची चोळी हे भाग स्वतंत्र असतात. चोळी अनेक अरुंद कळ्यांची असते. श्वासाबरोबर बरगड्या फुलतात, म्हणून कळ्या ताण न देणाऱ्या मजबूत सुती कापडाच्या असल्या तरी जोडणीत कोठे तरी इलॅस्टिकला जागा ठेवतात. पाठीवर हुकांच्या दोन-तीन ओळी आढळतील, कारण तोच पोशाख उद्या दुसऱ्या अंगावर चढणार असतो.

धुण्याविषयी सांगायचे तर टुटू सहसा धुतच नाहीत. पाण्याने जाळीचा ताठपणा जातो आणि जरीकाम बिघडते. चोळीचे अस्तर ओल्या फडक्याने पुसतात, घामाचा वास जाण्यासाठी पाणी मिसळलेली व्होडका फवारतात (हा अनेक नाट्यगृहांतील सर्रास उपाय आहे) आणि मग चड्डीला लावलेल्या फितींनी टुटू उलटा टांगून वाळवतात. सुलटा टांगला तर घेर खाली बसतो.

प्रश्न : ‘ला बायादेर’मध्ये भारतीय देवदासी टुटू घालते, हे हास्यास्पद नाही का? आणि पावलोव्हाने अजिंठ्यावर बॅले केला होता हे खरे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

वास्तवाची अपेक्षा धरून पाहिले तर हास्यास्पद आहेच. मारिउस पेतिपाने 1877 मध्ये सेंट पीटर्सबर्गला हे नृत्यनाट्य बसवले, तेव्हा भारत ही त्याच्या लेखी एक रंगीत कल्पना होती. वस्तुतः 1838 मध्येच पाँडिचेरीजवळच्या देवदासींचा एक ताफा पॅरिसमध्ये नाचून गेला होता, पण रंगमंचावरील बायादेर मात्र युरोपीय घेरातच राहिली. तरीही पांढऱ्या छायाकृतींच्या प्रवेशाला मी या आक्षेपातून वगळेन. तेथे नायिका मेलेली असते, नायकाला अफूच्या धुंदीत तिच्या असंख्य प्रतिमा उतारावरून एकामागून एक येताना दिसतात, आणि तिथे टुटू कोणत्याच देशाचा पोशाख उरत नाही.

दुसरी गोष्ट खरी आहे. 1922 मध्ये सुरू झालेल्या आशियाच्या दौऱ्यात विख्यात रशियन नर्तिका ॲना पावलोव्हा भारतात येऊन गेली आणि 1923 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये तिने ‘अजंताज फ्रेस्कोज’ सादर केले. संगीत अलेक्झांडर चेरेपनिन यांचे होते. त्याच हंगामात उदय शंकर तिच्याबरोबर ‘राधा-कृष्णा’त नाचले. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून लंडनला चित्रकलेसाठी गेलेले विद्यार्थी होते. पावलोव्हामुळे ते नृत्याकडे वळले, आणि पुढे त्यांनी आपल्या नृत्याला टुटूची गरज कधी भासू दिली नाही.

प्रश्न : पुरुष नर्तकांच्या पोशाखाला काही इतिहास आहे की नाही? (एक वाचक, नागपूर)

आहे, आणि त्यात नोकरी जाण्याचाही प्रसंग आहे. 1911 मध्ये ‘जिझेल’च्या प्रयोगात वात्स्लाव्ह निजिन्स्की हा रशियन नर्तक, चित्रकार बन्वा यांनी आखलेला आखूड अंगरखा आणि घट्ट विजार घालून आला, वरून घालायची रूढ चड्डी त्याने घातली नाही. सभ्यतेचा भंग झाला म्हणून रशियाच्या शाही नाट्यगृहाने त्याला काढून टाकले आणि तो पूर्णपणे द्यागिलेव्ह या निर्मात्याच्या बॅले कंपनीचा झाला. अंगरख्याचे शिवण पाहायचे असेल तर बगल पाहावी. हात डोक्यावर नेला तरी कमरेची कड वर सरकू नये, यासाठी तेथे कळी घालावी लागते.

प्रश्न : युरोपात जाण्याचा योग आहे. जुने पोशाख कोठे पाहता येतील? (एक वाचिका, मुंबई)

फ्रान्समधील मुलें या गावी जुन्या घोडदळाच्या बराकीत 2006 पासून रंगभूमीच्या पोशाखांचे राष्ट्रीय केंद्र आहे. संग्रह सुमारे 10,000 पोशाखांचा आहे आणि 2013 पासून तेथे नर्तक नुरेयेव्ह यांच्या वस्तूंचे स्वतंत्र दालन आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे द्यागिलेव्हच्या कंपनीचे पोशाख आहेत. 1913 च्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’साठी चित्रकार रोरिक यांनी आखलेले रंगीत अंगरखेही त्यांत आहेत. त्या कंपनीच्या पोशाखांचा दुसरा मोठा साठा थेट कॅनबेराला, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, कारण 1973 च्या लिलावात त्या संस्थेने दूरदृष्टीने खरेदी केली. हे पोशाख फार काळ उजेडात ठेवता येत नाहीत आणि आळीपाळीने मांडले जातात, म्हणून जाण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी.

प्रश्न : एका परदेशी विक्रेत्याने मला ‘पावलोव्हाच्या काळातील’ म्हणून एक टुटू देऊ केला आहे. घ्यावा का, आणि घेतला तर कसा जपावा? (एक वाचिका, पणजी)

आधी जाळीचे कापड कशाचे आहे ते विचारावे. पावलोव्हाचे निधन 1931 मध्ये झाले आणि नायलॉन बाजारात आले ते त्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा नायलॉनची जाळी असेल तर घेर तरी नंतरचा आहे. जुन्या घेरांत सुती किंवा रेशमी जाळी अथवा खळ दिलेली विरळ मलमल सापडते. त्यानंतर चोळीच्या आतल्या बाजूची छायाचित्रे मागवावीत. पट्टीवर शाईने लिहिलेली आणि खोडलेली नावे, उसवून पुन्हा घातलेल्या शिवणी, सरकवलेले हूक, बगलेतील घामाचे डाग या खुणा किमतीतून वजा करण्याच्या नाहीत, उलट त्यांच्यावरच अधिक विश्वास ठेवावा. आतून कोरा असलेला पोशाख रंगमंचावर गेलेला नसण्याचीच शक्यता जास्त. विक्रेता आतली बाजू दाखवायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

घेतल्यास तो अंगावर मात्र चढवू नये. जुन्या रेशमाला वजन यावे म्हणून धातूंचे क्षार देत असत आणि असे रेशीम घडीवर आपोआप चिरते. जुना पोशाख टांगूही नये. आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या घडीघडीत भरून तो मोठ्या खोक्यात आडवा ठेवावा. प्लास्टिकची पिशवी टाळावी. गोव्याच्या पावसाळ्यात बुरशीची धास्ती असतेच, शिवाय खळीच्या वासाने कसर येते, त्यामुळे ओल शोषणाऱ्या पुड्या वेळच्या वेळी बदलाव्यात. खोक्याच्या झाकणावर पोशाखाची दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे चिकटवून ठेवावीत, म्हणजे पाहुण्यांना दाखवण्यासाठी दर वेळी तो बाहेर काढावा लागणार नाही.