ऑशीन म्हणजे समुद्र नव्हे!

प्रश्न असा आहे: डब्लिनला राहणाऱ्या भाच्याने मुलाचं नाव ‘ऑशीन’ ठेवलं आहे. आजी म्हणतात, हे तर मुलीचं नाव. बाळांच्या नावांच्या यादीत अर्थ सापडला ‘समुद्र’. मग खरा अर्थ काय, आणि बारशाच्या पत्रिकेत लिहायचं कसं: ओइसिन, ओसीन की ओशीन?

समुद्राचा या नावाशी काडीचाही संबंध नाही. कुणाला तरी ते इंग्रजी ‘ओशन’सारखं ऐकू आलं, त्याने अर्थ ठोकून दिला आणि बाकीच्या यादीवाल्यांनी डोळे मिटून उतरवून घेतला. मुलाचं नाव आयुष्यभर टिकतं, निदान त्याचा अर्थ तरी तपासून छापावा! आजींना मात्र दोष नाही. दूरदर्शनवरच्या जपानी ‘ओशीन’ मालिकेनंतर आपल्याकडे मुलींची नावं ओशीन ठेवली गेलीच. पण ती ओशीन जपानी. हा ऑशीन आयरिश दंतकथांतल्या फियाना योद्ध्यांचा कवी, फिन मॅककूलचा मुलगा.

लिहायचं ‘ऑशीन’. काही भागांत ‘उशीन’ही म्हणतात. ‘ओइसिन’ मात्र नकोच, कारण मूळ Oisín या स्पेलिंगातल्या मधल्या ‘इ’चा उच्चार करायचा नसतो, शेजारचा ‘स’ मऊ होऊन ‘श’ झाला, एवढंच तो सांगतो. मराठी माणसाला हे अवघड वाटू नये. आपण म्हैस म्हणतो, पण अनेकवचनी म्हशी. ससा, पण सशाला. इकारा-यकाराच्या संगतीत ‘स’चा ‘श’ होतो. तसंच मूळ शब्द ‘ऑस’, त्याला लाडाचा ‘ईन’ जोडला की ऑशीन.

‘ऑस’ म्हणजे हरीण, म्हणून ऑशीन म्हणजे हरणाचं पाडस. बहुतेक जण इथेच थांबतात. गंमत पुढे आहे. हा ‘ऑस’ म्हणजे आपला ‘उक्षन्’, वैदिक बैल! इंग्रजी ‘ऑक्स’ त्याच घरातला. आयरिशच्या चुलत भाषेत, वेल्शमध्ये, त्याच शब्दाचा अर्थ अजूनही बैलच आहे. शिवमहिम्न म्हणणाऱ्यांनी ‘महोक्षः खट्वाङ्गं’ कितीदा तरी म्हटलं असेल. तो महोक्ष म्हणजे नंदी. डब्लिनचं हे बाळ व्युत्पत्तीने नंदीच्या गोतातलं निघालं.

बैलाचं हरीण कसं झालं, म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी आयरिश भाषाच नीट पाहावी. तिथे बैलाला दुसरा शब्द आहे ‘दाव्ह’, जुन्या आयरिशमध्ये ‘दम’, आणि नर हरणाला जुनं नाव होतं ‘रानटी दम’. म्हणजे शिंगवाला नर रानातला की गोठ्यातला, एवढाच फरक. (संस्कृतात वेसण घालायच्या वयाच्या खोंडाला ‘दम्य’ म्हणतात. तोही याच ‘दम’चा भाऊ.) आता ‘बघा, आयरिश संस्कृतातूनच निघाली’ म्हणत धावून येणाऱ्यांना हात जोडून विनंती: बसा. दोन्ही भाषा एका आजीच्या नाती आहेत, एक दुसरीची आई नव्हे.

कथेत ऑशीनची आई साइव्ह जादूने हरिणी झालेली असते आणि हे पोर फिनला बेन बुल्बन डोंगरावर सापडतं. इथे आपल्याकडच्या विद्वानांना लगेच हरिणीपोटी जन्मलेला ऋष्यशृंग आठवतो. आठवू दे. मला आठवतो ककुद्मी. ऑशीन नीव्ह नावाच्या राजकन्येबरोबर पांढऱ्या घोड्यावरून ‘तीर न नोग’ला, चिरतारुण्याच्या देशी जातो. थोडा काळ राहिलो असं त्याला वाटतं, परततो तेव्हा 300 वर्षं उलटलेली असतात. राजा ककुद्मी मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, गाणं संपेपर्यंत थांबतो, आणि ब्रह्मदेव सांगतात की तेवढ्यात 27 चतुर्युगं गेली. (काळाच्या बाबतीत आपण कधी काटकसर केली नाही.) आता नावं बघा. ककुद् म्हणजे वशिंड, ककुद्मी म्हणजे वशिंडवाला, अर्थात बैल. इकडे उक्षन्, तिकडे ककुद्मी. दोन्ही बैल काळाच्या बाहेर जाऊन परत आलेले. योगायोग म्हणा हवं तर. सिद्ध करता येणार नाही हे मलाही कळतं, पण मी हा धागा सोडणार नाही.

लोकप्रियतेचं थोडक्यात. 1760 नंतर मॅकफर्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने ‘ऑसियन’च्या, म्हणजे ऑशीनच्याच, नावावर बरंचसं स्वतःचंच काव्य खपवलं आणि अख्खा युरोप वेडा झाला. नेपोलियन इतका, की सेनानी बर्नादोतच्या मुलाला त्याने ऑशीनच्या मुलाचं नाव सुचवलं, ऑस्कर. तोच पुढे स्वीडनचा राजा पहिला ऑस्कर. बापाचं, म्हणजे ऑशीनचं, नाव मात्र घरीच राहिलं. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाबरोबर ते पुन्हा वर आलं आणि आता आयर्लंडमध्ये मुलांच्या नेहमीच्या नावांपैकी आहे. किलार्नीचा जॉकी ऑशीन मर्फी 2019 पासून सलग तीन वर्षं ब्रिटनचा अव्वल जॉकी होता. दंतकथेतला ऑशीन घोड्यावरून पडला आणि क्षणात जख्ख म्हातारा झाला. मर्फीच्या आईवडिलांना त्याची धास्ती वाटली नसावी.

आणि एक राहिलंच. तिथलं दुसरं आवडतं नाव कॉनर, मूळ ‘कोन्होवर’. त्यातला ‘कोन’ म्हणजे शिकारी कुत्रा, आपला श्वन्. संस्कृत व्याकरणातल्या उणादिसूत्रांत एक सूत्र सुरूच होतं ‘श्वन्नुक्षन्पूषन्’ असं: श्वन्, उक्षन्, पूषन्. पहिले दोघे आज डब्लिनच्या शाळेत एका बाकावर बसत असतील. पूषन् तेवढा गैरहजर.