टिळकांवरचा खटला: राजद्रोह की देशद्रोह?

एका ताईंनी विचारलंय की मुलीला १ ऑगस्टच्या भाषणात "लोकमान्य टिळकांवर देशद्रोहाचा खटला झाला" असं लिहून दिलंय, ते बरोबर आहे का, राजद्रोह अन् देशद्रोह एकच ना?

नाही ताई, एकच नाही. द्रोहाच्या आधी ज्याचं नाव, त्याच्याशी बेइमानी. मित्रद्रोह, स्वामीद्रोह, तसंच राजद्रोह म्हणजे राज्य करणाऱ्या सत्तेशी अन् देशद्रोह म्हणजे देशाशी. टिळकांनी इंग्रज सरकारला धारेवर धरलं, देशाशी कुठं बेइमानी केली? एका शब्दानं त्या माणसाचं अख्खं आयुष्य उलटं होते, अन् आपल्या इकडे पोट्टे दरवर्षी स्टेजवर हेच पाठ करून बोलतात, ऐकून खरंच जीवाला लागते.

जुन्या भारतीय दंडविधानातलं कलम १२४अ, १८७० साली आलेलं, ते राजद्रोहाचं होतं. १८९७ मधे प्लेगच्या धामधुमीत केसरीतल्या मजकुरावरून टिळकांवर हेच कलम लागलं. सरकारबद्दल 'अप्रीती' पसरवणं हा गुन्हा, अन् न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! म्हणजे सरकारवर प्रेम नाही एवढंही पुरे. ज्युरीतले ६ युरोपियन दोषी म्हणाले, ३ हिंदी लोक निर्दोष म्हणाले, झाली १८ महिने सक्तमजुरी.

१९०८ मधे मुजफ्फरपूरला क्रांतिकारकांनी इंग्रज न्यायाधीशावर नेम धरून बॉम्ब टाकला, त्यानंतर "देशाचे दुर्दैव" अन् "हे उपाय टिकाऊ नाहीत" या अग्रलेखांवरून परत राजद्रोह. तेव्हा तर भांडण शब्दांवरच होतं, सरकारी भाषांतरात मराठीचा अर्थ बिघडवला असं टिळक स्वतः कोर्टात उभे राहून एकेक शब्द घेऊन सांगत होते, ते भाषण २१ तासांच्या वर चाललं. तरी ७ विरुद्ध २ नं दोषी, ६ वर्षं ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात. त्यांच्यासाठी खटपट करायला आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेला गेले होते, हे भाषणात जरूर टाका, आपल्या भागातल्या लेकरांना माहीत पाहिजे.

अजून एक, टिळकांची प्रत्येक जेल राजद्रोहाची नव्हती. १८८२ मधे ते अन् आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले ते कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या अब्रुनुकसानीच्या केसमधे. आणि १९१६ मधे होमरूलच्या, म्हणजे स्वराज्याच्या मागणीच्या, भाषणांवरून सरकारनं टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला तेव्हा, टीका नोकरशाहीवर आहे, बादशहावर नाही, हाच फरक मांडला गेला अन् हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला.

आजकाल बातम्यांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी टाकतात, म्हणून घोळ होते. भाषणात एवढंच बदला: "इंग्रज सरकारने लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला." 'इंग्रज सरकारने' हे दोन शब्द गाळू नका, राजद्रोहातला राज कोणाचा ते त्यातूनच कळते.